ती इथे रमली नाही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आईला तर नाहीच नाही — तिला कळलं तर ती मला दारात उभं करणार नाही, आणि तिचं काही चुकणारही नाही. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही... छे, हेही अर्धंच. तुम्हाला सांगतेय कारण उद्या सोमवारी मला हेच ऑफिसात सगळ्यांसमोर बोलायचंय, आणि आधी एकदा ते कागदावर उतरवून बघायचंय. जमतं का, ते तरी कळेल.

आमचं ऑफिस पनवेलला, स्टेशनपासून रिक्षाने जवळच. बंदरात आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा धंदा. मी तिथे ॲडमिन बघते. म्हणजे माणसं घ्यायची, त्यांना सांभाळायचं, आणि ती निघाली की दुसरी आणायची. हल्ली हे तिसरं कामच जास्त. कुणाचा राजीनामा आला की सर मला केबिनमध्ये बोलावतात, काय झालं हो, म्हणून विचारतात. माझं उत्तर ठरलेलं — रमली नाही सर. रमला नाही सर.

किती सोयीचं वाक्य आहे बघा. कुणाचा दोष नाही, कुणाला बोल नाही. जणू माणूस लग्नाला आला होता, जेवण आवडलं नाही, गेला. सर मान हलवतात, मी नवीन जाहिरात टाकते. हे वाक्य मी पहिल्यांदा कुणाबद्दल वापरलं, तेच तर सांगायचंय. पण त्याआधी माझं ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणी मोठी दुष्ट बाई आहे. तशी मी नाही. तशी नसताना हे केलं, ते जास्त वाईट.

मी ओव्याची. ओवे गाव. आता खारघरचे टॉवर अगदी आमच्या परसापर्यंत आलेत, पण मी लहान होते तेव्हा आमच्या घरामागे भातशेती होती. आम्ही आगरी. आडनाव पाटील — आणि या आडनावाची एक गंमत आहे, ते कुठलंही असू शकतं. नोकरीला लागले तो पहिलाच आठवडा. जेवणाच्या टेबलावर इथल्या गाववाल्यांचा विषय निघाला. जमिनी विकल्या, गळ्यात साखळ्या घातल्या, गाड्या उडवतात, अक्कल शून्य, वगैरे. आणि मग कुणीतरी नक्कल केली, 'आमी नाय, तुमी हाय' करून. काय हसले सगळे! मीही हसले. ती नक्कल हुबेहूब माझ्या बापाची होती, आणि मी हसले. हसता हसताच अकाउंट्सच्या वर्षाने मला विचारलं, "पाटील म्हणजे तुम्ही साताऱ्याकडच्या का हो?"

मी म्हणाले, हो, मूळचे तिकडचेच.

झालं. एवढंसं वाक्य. ते पुढे किती वर्षं ओढलं मी! न्यू पनवेलला फ्लॅट घेतला होता, त्यामुळे पत्त्याची अडचण नव्हती. डब्यात भेंडी, घेवडा, मटकी. मटकी मला अजिबात आवडत नाही हो — पण ऑफिसच्या टेबलावर मटकी कुणाच्या डोळ्यात येत नाही. आईचा फोन आला की मी जिन्यात जायचे, कारण आईशी माझ्या तोंडून शुद्ध मराठी येत नाही आणि ती आणली तर आई विचारते, कुनाशी बोलतंस गो? रविवारी मासे तळले की सोमवारी सकाळी दोनदा केस धुवायचे. आणि रोज — अगदी रोज — ऑफिसचा जिना चढताना मनातल्या मनात राजीनामा द्यायचे. आज बस्स. आज सांगून टाकते. मग हजेरी पंच करायचे आणि हसतमुखाने आत जायचे. गेल्या दिवाळीला सरांनी मला शाल दिली, सगळ्यांसमोर म्हणाले, सुजाता मॅडमसारखं या ऑफिसात कुणी रमलं नाही. टाळ्या काय, फोटो काय! मला वाटलं, बाई, यांना कळलं तर?

आता प्रणालीचं.

प्रणाली आमच्या शेजारच्यांची मुलगी. मी कॉलेजात होते तेव्हा ती रांगत होती, मी तिला कडेवर घेऊन गावभर फिरवलंय. ती बी.कॉम. झाली आणि हट्टाला पेटली, नोकरी करणार. तिच्या घरात तोवर कुणी बाईने नोकरी केली नव्हती. पुरुषांनीही फारशी नव्हती म्हणा. तिचा बाप म्हणाला, ठीक आहे, एक पावसाळा टिकवून दाखव, मग मी लग्नाचं नाव काढणार नाही. नाही टिकली तर दिवाळीनंतर बार उडवतो. ती माझ्या घरी आली. मी म्हणाले, आमच्याकडे जागा आहे, अर्ज कर. तेवढं मी चांगलं केलं.

आणि कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी खाली गेटपाशी तिला थांबवून सांगितलं — इथे मला ताय म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं. आपण एका गावच्या, हेही बोलायचं नाही. उगाच लोक म्हणतील, वशिल्याने लागली. बघा, तिच्याच भल्यासाठी! मला स्वतःलाही तेव्हा ते पटलं. ती हसली, म्हणाली, "चालल ताय." मग जीभ चावून म्हणाली, "चालल मॅडम."

मुलगी खळखळून हसायची, मोठ्याने बोलायची, ड्रायव्हर लोकांशी फोनवर भांडायची आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या बायकोची तब्येत विचारायची. काम होत होतं. पहिल्या दिवशी तिने मधल्या टेबलावर डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी. बंद एसी ऑफिस, वास फिरला. कुणी काही बोललं नाही, शपथ. आमच्याकडे तसा नियमही नाही. वर्षाने फक्त खुर्ची थोडी मागे घेतली, कुणी खिडकी उघडायला उठलं, दोघांनी आपापले डबे उचलून पलीकडे नेले. प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. मी भेंडी खात होते.

त्यानंतर ती भाजी आणायला लागली. तिची आई माझ्या आईला म्हणाली, पोरगी आजारी हाय का काय, मासली नको बोलते. आईने मला फोनवर हसत हसत सांगितलं. मी जिन्यात उभी राहून हसले.

मग मे महिना आला. आगोट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल-नसेल — पावसाळ्याची बेगमी. होड्या बंद व्हायच्या आधी सुकी मासळी घरात भरून ठेवायची. माझी आई दर वर्षी उरणच्या बाजूने सुकं आणते आणि त्यातला माझा वाटा बांधून ठेवते. एरवी मी जाऊन आणायचे. त्या वर्षी आईला काय सुचलं, तिने पिशवी प्रणालीच्या हाती दिली — नाहीतरी एकाच ठिकाणी जाता ना दोघी! प्रणालीने सकाळी लवकर, कुणी यायच्या आत, ती माझ्या टेबलाखाली आणून ठेवली. बोंबील, सोडे, सुकट, वाकट्या. प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधलेलं, पण सुकं ते सुकं, ते काय प्लास्टिकला जुमानतंय?

नेमकी त्या दिवशी दिल्लीची पार्टी यायची होती. मोठी पार्टी, सर आठवडाभर त्याच तयारीत. अकरा वाजेपर्यंत वास सगळीकडे. सर केबिनमधून बाहेर आले, नाकाला रुमाल. कुठून येतंय हे? बघा, शोधा! वर्षा टेबलांखाली वाकून बघायला लागली. शेवटी पँट्रीत पिशवी सापडली, प्रणालीच्या पर्सशेजारी. सगळ्यांनी प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही.

मी गप्प बसले, हा माझा गुन्हा.

— असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. गप्प बसले. माणूस घाबरतो, गप्प बसतो, होतं असं कधी कधी. इथवर लिहून मी चहा करून आले. वाटलं, एवढं पुरे, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. पण तुमच्या लक्षात आलं असेलच. पिशवी माझ्या टेबलाखाली होती. मग ती पँट्रीत गेली कशी?

मी नेली. वर्षा पलीकडच्या रांगेत वाकलेली होती, प्रणाली झेरॉक्सपाशी पाठमोरी. मी पिशवी उचलली, ओढणीखाली धरली, पँट्रीत गेले. तिथे कट्ट्यावर सगळ्यांच्या पर्स ओळीने ठेवलेल्या असतात. कुठेही ठेवता आली असती. खिडकीबाहेर टाकता आली असती. कचऱ्याच्या डब्यात टाकता आली असती. मी ती प्रणालीच्या पर्सला टेकवून ठेवली. हात धुतले, साबणाने, आणि येऊन जागेवर बसले. मला काय करतेय ते कळत होतं. मला माहीत होतं की तिच्यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसेल, आणि मला हेही माहीत होतं की ती बोलणार नाही. कारण तिने मला शब्द दिला होता. तिच्या शब्दावर माझा एवढा भरवसा होता, म्हणून तर मी हे करू शकले.

यापेक्षा नीच काय असतं, मला खरंच माहीत नाही.

पुढचं पटकन सांगते. सर म्हणाले, मॅडम, तुम्ही जरा समजवा तिला, बाईमाणूस बाईमाणसाला नीट सांगेल. मी तिला छोट्या केबिनमध्ये घेतलं. दार लावलं. समोर मी कडेवर खेळवलेली पोरगी, आणि मी तिला सांगतेय की ऑफिसचं एक वातावरण असतं, आपण कुठे काय आणतो याचं भान ठेवायला हवं. दार बंद होतं हो! आत दुसरं कुणी नव्हतं. तिथे तरी मी खरं बोलू शकले असते, तिथे तरी तिचा हात धरू शकले असते. मी तिथेही मॅडमच राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. आपण वेड्या माणसाकडे बघतो तशी माझ्याकडे बघत होती — घाबरून नाही, कीव आल्यासारखं. मग म्हणाली, "हो मॅडम." उठून गेली. पावसाळा सुरू व्हायच्या आतच तिने राजीनामा दिला.

सरांनी मला बोलावलं. काय झालं हो?

ती इथे रमली नाही सर, मी म्हणाले.

तो पावसाळा ती घरी बसली. बापाने शब्द पाळला, स्थळं आणायला सुरुवात केली. आई मला फोनवर सगळं सांगायची, आणि मी जिन्यात उभी राहून 'हो का' म्हणायचे. एक शब्द टाकला असता तर! तिच्या बापाला एवढं म्हणाले असते, काका, चूक तिची नव्हती, तर त्याने ऐकलं असतं, मला तो मानतो. मी तेवढंही म्हणाले नाही. तिची तीच लढली. स्थळांना नकार देत राहिली, दिवाळी उलटली, घरात अबोला झाला, आणि मग कळंबोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागली. तिथे तिचं मस्त चाललंय हे मला आईकडून कळायचं. बढती मिळाली, स्कूटर घेतली, लग्न केलं ते स्वतः पसंत करून. तिथे म्हणे दुपारी सगळे टेबलं जोडतात आणि सगळ्यांचे डबे मधोमध. तीच मुलगी, तेच काम, तोच जवळा. मग मला सांगा, ती रमली नव्हती? की तिला कुणी रमू दिलं नव्हतं?

आणि मी? माझ्या डोक्यात हे पुष्कळदा घोळतं. जो रमत नाही तो जातो, असं आपण म्हणतो. मग मी का नाही गेले? मला वाटतं, जाणारे धडधाकट असतात. त्यांना बूट चावतो, ते काढून टाकतात. मी पायच वाकडा करून घेतला, आणि वर शाल घेतली.

शुक्रवारी सकाळी सरांनी मला बोलावलं. सर वाईट माणूस नाहीत. थकलेले दिसले. म्हणाले, मॅडम, मुलं टिकत का नाहीत आपल्याकडे? पगार बरा देतो, सुट्ट्या देतो. ती सना गेली, एवढी हुशार मुलगी. तुम्ही जुन्या, तुम्ही सांगा. सोमवारच्या मीटिंगला नीट विचार करून या.

सना तळोज्याची. गेल्या महिन्यात गेली. वर तिच्या डब्यालाही खुर्च्या मागे सरकायच्या, म्हणून ती खाली पार्किंगच्या पायरीवर बसून खायची, मी जिन्यातून रोज बघायचे. ती गेली तेव्हाही मी सरांना तेच वाक्य सांगितलं होतं.

मी जागेवर येऊन मुद्दे काढायला लागले. प्रवास लांब पडतो, विमानतळाच्या नोकऱ्या खुणावतात, नव्या पिढीला धीर नाही. दुपारी फोन वाजला. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून. आवाज मी पहिल्या शब्दाला ओळखला. ती अगदी कामाच्या भाषेत बोलत होती — आमच्याकडे सना म्हणून एक मुलगी मुलाखतीला आली होती, तुमच्याकडे काम करत होती असं सांगते, तिच्याबद्दल विचारायला फोन केलाय, मॅडम.

मॅडम. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या ऑफिसात बसून, मोठ्या हुद्द्यावर, तिने माझा शब्द पाळलेला होता.

आणि मी काय केलं सांगू? सवय वाईट. मी म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण ती इथे... पुढे जमेना.  मग माझं वाक्य पुरं करत तिनेच हळू विचारलं, "रमली नाही म्हणजे नक्की काय झालं, मॅडम?"

चिडून नाही हो विचारलं. तिला खरंच हवं होतं. सनाला घ्यायचं की नाही, हे ठरवायचं होतं तिला.

मी सांगितलं. सना कामाला चोख आहे, स्वभावाने गोड आहे, तिने काहीही चुकीचं केलं नाही. आम्ही तिला पायरीवर बसवलं. मी रोज बघितलं आणि एकदाही खाली जाऊन तिच्याशेजारी बसले नाही. घे तिला, डोळे झाकून घे. ती म्हणाली, बरं मॅडम, थँक्यू. आता फोन ठेवणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघालं — जिन्यात नाही, जागेवर, वर्षा शेजारच्या टेबलावर, आजूबाजूला सगळे — आणि आवाज माझा माझ्याच कानाला केवढा मोठा वाटला —

"मना मॅडम नको बोलू गो. ताय बोल."

वर्षाने मान वर केली. दोन-तीन माना वळल्या.   मग मला प्रणालीचा तो जुना हसण्याचा आवाज आला, खळखळून.

"बरा ताय," ती म्हणाली, "यंदाची आगोट तूच जाऊन आन."

आणि फोन ठेवला.

माफ केलं का तिने? मी विचारलं नाही. विचारणारही नाही, ते तिचं तिच्यापाशी. सना उद्यापासून कळंबोलीला जॉईन होतेय, तेवढं मला कळलंय, आणि त्याचा मला आनंद झालाय. खूप दिवसांनी कुणी नोकरीला लागल्याचा मला इतका आनंद झाला.

आज सकाळी मी ओव्याला गेले. स्वतः. आईने पिशवी बांधून ठेवलेलीच होती. भर दुपारी ती घेऊन मी रिक्षात बसले, रिक्षावाल्याने नाक मुरडलं, म्हणाला, क्या है मॅडम? मी म्हणाले, बोंबील आहेत. घरी आल्यावर सुकट निवडली, भाजली, कांदा-कैरी घालून परतली. खिडक्या उघड्याच ठेवल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघून गेल्या.

उद्या दुपारी जेवणाच्या वेळी हा डबा मी मधल्या टेबलावर उघडणार आहे. कुणी खुर्ची मागे घेईल. घेऊ दे. कुणी जवळही ओढेल. या वेळी मला तेही खरं वाटतंय. पण त्याच्या आधी मीटिंग आहे. सर विचारतील, मुलं का टिकत नाहीत. प्रवासाचे आणि विमानतळाचे मुद्दे मी फाडून टाकलेत. मी सांगणार आहे की मी ओव्याची आहे. साताऱ्याची नाही. आणि त्या दिवशी पँट्रीत सापडलेली पिशवी माझी होती, मी ती तिथे ठेवली, आणि ज्या मुलीच्या नावावर मी ती ठेवली ती माझं नाव राखून गेली. सर काय करतील, मला माहीत नाही. ठेवतील, काढतील. शाल परत मागितली तर धुऊन देईन.

उद्या जिना चढताना मी राजीनामा देणार नाही. वर जाऊन बोलणार आहे. डबा भरून झालाय.